बक्की, बोक आणि पटकी

अहो वहिनी, कपडे राहू द्या घटकाभर. ऊन आलंय तेच नशीब, पण लगेच पळून काही जात नाही. इकडे या कुंपणाशी, एक गंमत सांगते.

या आपल्या फळ्यांच्या कुंपणाला इथे नेदरलँड्समध्ये 'स्खुटिंग' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वादळात आडवं झालं तेव्हा सुतारांना फोन करून करून शब्द पाठच झाला होता. पण 'स्खुटिंगटाल' म्हणजे काय, सांगा बरं? शब्दशः कुंपणाची भाषा. आणि अर्थ काय, तर शिवराळ बोलणं. फळ्यांवर खडूने लिहून ठेवतात ना वात्रट पोरं, तसलं. आता आपण दोघी रोज इथे उभ्या राहून जे बोलतो त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

हे मला सांगितलं पलीकडच्या ब्यूरमननी, म्हणजे शेजारीबुवांनी. त्यांना आजोबा म्हणायला जीभ धजत नाही, अजून एवढी थोरली शिडी एकटे उचलतात. उभी हयात लांब पल्ल्याचा ट्रक चालवण्यात गेली. तर काल ते सायकलची चेन बसवत होते, अंगठा सापडला, आणि तोंडातून 'क्लेरे'ने सुरू होणारं असं काही निघालं की त्यांच्या बायकोने आतून खिडकीच लावून घेतली. मी भोळेपणाचा आव आणून विचारलं, "हा शब्द आमच्या डचच्या वर्गात नाही शिकवला." लाजले बिचारे. मग म्हणाले, क्लेरे म्हणजे कॉलरा.

पटकी हो! तुमच्या आजी नाही का पोरांच्या नावाने ओरडायच्या, 'पटकी आली तुला' म्हणून? तीच. इथल्या शिव्यांत सगळा दवाखाना आहे. क्षय आहे, टायफस आहे, फुप्फुसाच्या आवरणाची सूज आहे, देवीसुद्धा आहेत. देवींचं आपण देऊळ बांधलं आणि नैवेद्य दाखवला, यांनी शिवी केली. मला विचाराल तर दोन्हींत भीती एकच.

हसू नका, पुढचं ऐका. मी म्हटलं, ट्रकवाल्यांची भाषा अशीच असते का? तर म्हणाले, शिव्या सगळ्यांच्याच असतात, आमची भाषा निराळी. ये, एक बक्की घेऊ. आता ही बक्की म्हणजे मोठं प्रकरण आहे. मूळ अर्थ लहानसं भांडं. कपभर कॉफी म्हणजे बक्की. मोटारीमागे जोडून बागेतला पालापाचोळा न्यायची ती छोटी ट्रॉली, तीही बक्की. आणि ट्रकच्या केबिनमध्ये बोलायचा रेडिओ असायचा ना, २७ मेगाहर्ट्झवाला, त्याचं नावही बक्की. म्हणजे बक्कीवर बोलत, बक्की पीत, मागे बक्की ओढत माणूस जाऊ शकतो, आणि इथल्या कुणाचा गोंधळ होत नाही.

त्या रेडिओचीच खरी कथा आहे. १९७३ ची तेलटंचाई आपण फक्त ऐकलेली. इथे तेव्हा रविवारी गाड्या बंद केल्या होत्या. ४ नोव्हेंबर १९७३ हा त्या टंचाईतला पहिला बिनगाड्यांचा रविवार, हमरस्त्यावर लोक सायकली घेऊन उतरले. तिकडे अमेरिकेत त्याच टंचाईपायी ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ट्रकवाल्यांचं पोट खेपांवर. मग पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना कळवायला त्यांनी हा रेडिओ हाती घेतला. पोलिसाला म्हणायचे 'स्मोकी', कारण तिकडे जंगलातल्या वणव्यांबद्दल सावध करणारं एक अस्वल जाहिरातीत असायचं, त्याच नावाचं, आणि त्याची टोपी हुबेहूब हायवे पोलिसासारखी. १९७५ मध्ये 'कॉन्व्हॉय' नावाचं गाणं आलं, १९७८ मध्ये त्यावर सिनेमा आला, आणि सगळ्या जगातल्या ट्रकवाल्यांना आपण काउबॉय आहोत असं वाटू लागलं.

इथल्या मंडळींनी पण बक्क्या घेतल्या. पण नेदरलँड्समध्ये १९८० पर्यंत ती बेकायदा! कायदा झाला तोही डच काटकसरीचा: २२ चॅनेल आणि अर्धा वॅट. अर्ध्या वॅटमध्ये आवाज जाऊन जाऊन जाणार किती? मग ताकद वाढवायचं चोरटं यंत्र पायाशी लपवायचं. अमेरिकेत त्याला 'पाय शेकायची शेगडी' म्हणायचे. थंडीच्या देशात किती साळसूद नाव!

आणि वहिनी, इथेच भाषेची मेख आहे. चोरून बोलायचं तर खरं नाव सांगता येत नाही, घर सांगता येत नाही. म्हणून टोपणनावं आली, आणि सांकेतिक शब्द आले. तेही यांनी नवे घडवले नाहीत. जहाजांच्या बिनतारी तारायंत्रासाठी १९१० च्या आसपास इंग्रजांनी तीन-तीन अक्षरांचे संकेत केले होते, क्यू ने सुरू होणारे. कडकट्ट करत लांबलचक वाक्य पाठवण्यापेक्षा तीन अक्षरं पुरे. ते हौशी रेडिओवाल्यांकडे गेले, आणि तिथून ट्रकमध्ये. कुठे आहेस असं विचारायचं नाही, तुझं क्यूटीएच काय, असं विचारायचं. समुद्रावरच्या कप्तानाची भाषा आइंडहोव्हनच्या बाहेर वाहतूककोंडीत अडकलेल्या माणसाच्या तोंडी! निरोपाला '७३' म्हणजे शुभेच्छा, '८८' म्हणजे पापे. तरुण मुलगी म्हणजे वायएल. आणि बायको म्हणजे एक्सवायएल.

एक्स म्हणजे माजी हो. माजी तरुणी!

बघा, तुमचाही पारा चढला. ब्यूरमनच्या बायकोने तेव्हाच ठणकावलं होतं म्हणे की रेडिओवर पुन्हा एक्सवायएल ऐकू आलं तर रात्री बटाटे स्वतः उकडा.

पण मला जास्त आवडले ते जुने शब्द. ट्रक चालवायला बसणं म्हणजे यांच्याकडे 'बोकवर बसणं'. बोक म्हणजे बोकड, म्हणून मी म्हटलं हा काय प्रकार? तर घोडागाडीत गाडीवान बसतो ती उंच बैठक, तिला बोक म्हणतात. घोडे गेले, गाडीवान गेला, बैठक राहिली. हायवेलगत काही जुन्या कॅफेंच्या पाटीवर 'आउटस्पानिंग' असतं, म्हणजे घोडे सोडायची जागा. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? तुमचे वडील दहाचाकी चालवत, पण 'गाडी हाकतो' असंच म्हणत ना? 'गाडी जुंपली', 'गाडी सोडली', सगळी बैलगाडीची भाषा. डिझेलचं इंजिन आलं, तरी बैल काही जोखडातून सुटला नाही.

आणि पोलिसाला काय म्हणतात माहीत आहे? 'स्मेरिस'. हा शब्द हिब्रूतला, पहारा या अर्थाचा. अॅमस्टरडॅमच्या ज्यू फेरीवाल्यांच्या यिद्दिशमधून तो 'बार्खून्स' नावाच्या भाषेत शिरला. बार्खून्स म्हणजे जत्रेतले खेळवाले, फेरीवाले, उचले, सगळ्या फिरस्त्यांची आतली बोली. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, ती करपल्लवी असते ना, कामाची गोष्ट तिऱ्हाइताला कळू नये म्हणून? त्याच जातीची. तुरुंगाला 'बायेस', मूळ अर्थ घर. निरोप घेताना 'मॅझेल', म्हणजे नशीब. हे शब्द बोलणाऱ्या ज्यू वस्त्या दुसऱ्या महायुद्धात पुसल्या गेल्या. ज्यांना कधी तो इतिहास कळला नाही असे ड्रायव्हर अजून रोज सकाळी धक्क्यावर एकमेकांना 'मॅझेल' म्हणून निघतात. ब्यूरमन हे सांगताना जरा गप्प झाले. मीही काही बोलले नाही.

मग त्यांनी विषय बदलला. म्हणाले, 'निट पिकेरन', काळजी करत बसू नको. पिकेरन! मला तेव्हाच खटकलं होतं की हा शब्द ओळखीचा आहे. इंडोनेशियात डचांचं राज्य होतं, तिथल्या मलायमधून हा आला, आणि मलायमध्ये अरबीतून. आपल्याकडे फारसीच्या वाटेने तोच आला, फिकीर म्हणून. एका व्यापारी रस्त्याने एक फिकीर आइंडहोव्हनला पोचली, दुसऱ्याने नाशिकला.

अहो, ट्रकवाल्यांचं गाणं सांगायचं राहिलंच. या देशाच्या युरोपातल्या भागातली सगळ्यात उंच जागा म्हणजे दक्षिणेच्या टोकाची फाल्सची टेकडी, ३२२ मीटर. आपला कळसूबाई १६४६. आणि या सपाट देशाचं ट्रकवाल्यांचं राष्ट्रगीत कशावर आहे? ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर घाटावर! हेंक वाइनगार्ट नावाचा गायक, स्वतः आधी ट्रक चालवायचा, त्याने १९७८ मध्ये गायलं. नावाचा अर्थ साधारण 'नळीत ज्वाळा' असा. एक्झॉस्टच्या नळीतून ज्वाळा निघेपर्यंत गाडी ताणायची. आता तो वाक्प्रचार झालाय; कुणी झपाटून कामाला लागला तरी म्हणतात. घाट ज्याच्या घरी नाही त्यालाच घाटाचं अप्रूप. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटावर ट्रकवाला गाणं नाही म्हणणार, खालच्या देवळासमोर हात जोडेल आणि गिअर टाकेल.

ब्रेनरपर्यंत जायला जी गाडी लागायची ती आपल्या गावची, आइंडहोव्हनची. १९२८ मध्ये हुब फान डोर्न यांनी इथे लहानसा कारखाना टाकला, त्याचं पुढे डाफ झालं. १९६२ मध्ये त्यांनी 'डाफ २६००' काढली. केबिनमध्ये मागे झोपायला नीट जागा, म्हणून तिला आंतरराष्ट्रीय वाहतुकीची आई म्हणतात. त्याआधी माणूस स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपायचा. त्याच डाफने १९५८ पासून छोट्या मोटारीही काढल्या होत्या, गिअर न बदलता चालणाऱ्या. ट्रकवाल्यांनी नव्हे, साऱ्या देशाने त्यांचं नाव ठेवलं 'त्रुतन्स्खुडर', म्हणजे काकूबाई-हलवणी. गाडीला नाव, टोमणा बायकांना. तिथेही आपणच.

तर तुम्ही मघाशी विचारलंत, ही भाषा मुळात येते कुठून. सगळे म्हणतात रस्त्यावरून. मला नाही पटत. गाडी चालवताना माणूस एकटा असतो, कुणाशी बोलणार? भाषा थांब्यावर होते. ब्यूरमन सांगत होते, १ जानेवारी १९९३ च्या आधी युरोपात प्रत्येक सीमेवर कस्टम होतं. ब्रेडाच्या खाली हाझेलडोंकला बेल्जियमच्या सीमेवर ट्रक उभे राहायचे, कागदांवर शिक्का बसेपर्यंत ड्रायव्हर काय करणार? एका टेबलावर डच, बेल्जियन, जर्मन, ऑस्ट्रियन. पत्ते, कॉफी आणि एकमेकांच्या शिव्या शिकणं. काही जण तर सत्तरच्या दशकात थेट इराण-इराकपर्यंत जायचे. इस्तंबूलला 'लोंद्रा कॅम्पिंग' नावाचा तळ होता, तिथे सगळ्या देशांचे ट्रकवाले भेटायचे. तिकडे चहाला चायच म्हणतात, हे ब्यूरमननी मला अगदी मोठ्या शोधासारखं सांगितलं. मी मान डोलावली. म्हातारा माणूस, कशाला हिरमोड करायचा!

त्र्याण्णव सालानंतर सीमा उघडल्या, आणि टेबलं मोडली. आता थांबवतं ते यंत्र. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदाच १०. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं. पूर्वी त्यात कागदाची गोल तबकडी असायची, 'स्खैफ'. ब्यूरमननी एक जपून ठेवलीय, मला दाखवली. हाताच्या पंजाएवढी, मेणाचा थर दिलेली, कडेला २४ तासांचे आकडे. सुई मेण खरवडत जायची. कुठे पळाला, कुठे थांबला, सगळं त्या काळ्या रेषांत दिसतं. मधोमध त्यांच्या हस्ताक्षरात नाव, तारीख, निघतानाचे किलोमीटर. एका जागी रेष तासभर सरळ होती. मी म्हटलं, इथे थांबलात? तर म्हणाले, इथे बामीस्खैफ खाल्ली. म्हणजे शेवयांची तळलेली टिक्की. तीही गोल, तीही स्खैफ. एका स्खैफवर दुसरीची नोंद. २००६ पासून नव्या गाड्यांत डिजिटल कार्ड आलं, त्यावर मेण नाही की अक्षर नाही.

काय म्हणता? तुमच्या वडिलांच्या वेळी टॅकोग्राफ नव्हता, पण बिल्टी होती, पासिंग होतं आणि नाक्यावरची एन्ट्री होती. हो ना! एन्ट्री हा शब्द किती सभ्य वाटतो, जणू वहीत नाव लिहायचंय. तोच तर या भाषेचा खरा गुण. लाच म्हटलं की गुन्हा होतो, एन्ट्री म्हटलं की खर्चात धरता येते. इथेही यंत्राला चकवायला पूर्वी सुई वाकवत, पुढे सेन्सरला चुंबक लावत. ब्यूरमनना विचारलं, तुम्ही लावलंत का? ते एकदम सायकलच्या चेनकडे बघायला लागले.

आणि कॅमेरे! वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला इथे 'फ्लित्सर' म्हणतात, चमकणारा. इंग्लंडात त्यालाच 'गॅट्सो' म्हणतात, आणि तो गॅट्सो होता डच. मॉरिस गॅट्सोनिडेस, जावामध्ये जन्मलेला, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपण आणखी किती जोरात जाऊ शकू हे मोजायला त्याने यंत्र केलं. त्याच यंत्राने मग साऱ्या जगाला दंड केला. ट्रकवाले त्याचं नाव घेताना क्लेरेपासूनच सुरुवात करत असणार.

पण आता डच ट्रकवाले उरलेत किती, असं ब्यूरमन म्हणतात. रविवारी संध्याकाळी फेन्लोच्या बाजूला जाऊन बघा. जर्मनीत रविवारी रात्री १० पर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी, म्हणून अलीकडे रांगा लागतात. पाट्या वाचा: पोलंड, रोमानिया, लिथुआनिया. पोरं महिनोन्महिने घरापासून दूर. आठवड्याची ४५ तासांची विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, असा युरोपीय कोर्टाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तरी केबिनच्या पडद्याआड चुलीवर रस्सा रटरटताना वास येतो. 'रस्त्यांचे सरदार' म्हणून गौरव करणाऱ्यांनी एकदा त्या पार्किंगमध्ये रात्र काढावी, एवढंच माझं म्हणणं.

आणि गंमत अशी की ती अमेरिकन अस्वलं पोलंडला पोचलीत. पोलिश ट्रकवाले पोलिसांना अस्वलंच म्हणतात. हातात धरायच्या वेगमापकाला म्हणतात हेअर ड्रायर. आणि त्यांच्या वाहतूक निरीक्षकांना मगरी, हिरव्या गणवेशामुळे. डच मंडळी बक्की बंद करून मोबाइलवरच्या 'फ्लित्समाइस्टर' ॲपकडे वळली. ॲप बिनचूक सांगतं, पण टोपणनाव ठेवत नाही, एक्सवायएलची चौकशी करत नाही. पोलिश पोरांच्या केबिनमध्ये रेडिओ अजून खरखरतो. म्हणून मला वाटतं, नवे शब्द आता त्यांच्याकडेच होतील. डचांना ते शिकावे लागतील. जसे एकेकाळी ज्यू फेरीवाल्यांचे शिकले, मलायांचे शिकले, जहाजवाल्यांचे शिकले.

तुमच्या वडिलांना पुढच्या फोनवर विचाराच, लासलगावहून कांदा भरून निघताना क्लीनरशी ते काय काय बोलत. इथेही झेलांडचा कांदा ट्रक भरभरून परदेशी जातो, ब्यूरमननी तो वर्षानुवर्षं वाहिलाय. दोघांचं जमेल. वडील उन्हाळ्यात येणार आहेत ना? तेव्हा त्या दोघांना घेऊन आपण टोंगेलरेसेस्ट्राटवरच्या डाफ म्युझियमला जाऊ. फान डोर्नांनी जिथे कारखाना सुरू केला तीच जागा, आणि '२६००' तिथे उभी आहे. फक्त सोमवार सोडून ठरवा, सोमवारी बंद असतं.